नाण्याखालची अक्षरं टांकसाळीचं नाव सांगतातच असं नाही

तुम्ही तीन रोमन नाण्यांचे फोटो पाठवलेत आणि तिन्हींवरची टांकसाळीची खूण कुठल्याच तक्त्यात सापडत नाही, असं लिहिलंत. पहिलं तांब्याचं छोटं नाणं आहे. त्यावर दोन सैनिक, त्यांच्यामध्ये दोन ध्वज, ध्वजांच्या मध्ये हार आणि खाली पी-सी-ओ-एन-एस-टी ही अक्षरं. दुसरं सम्राट प्रोबसचं, डोक्यावर किरणांचा मुकुट असलेलं. त्याच्या मागच्या बाजूला सम्राट आणि रोमन देव ज्युपिटर समोरासमोर उभे, दोघांच्या मध्ये ग्रीक एप्सिलॉन आणि डेल्टा, खाली एक्स-एक्स-आय. तिसरं टायबेरियसचं चांदीचं डिनेरियस, त्याच्या गालावर चंद्रकोरीसारखी बारीक खूण.

थोडक्यात सांगायचं तर पहिल्यावर शहराचं नाव आहे, पण तुम्ही धरलेलं शहर ते नव्हे. दुसऱ्यावर शहराचं नाव कुठेच नाही. आणि तिसऱ्यावरची खूण टांकसाळीत उमटलेलीच नाही. तिन्ही नाणी तक्त्यात सापडली नाहीत, कारण तुम्ही सुरुवात खुणेपासून केलीत. माझा आग्रह असा की खूण सगळ्यात शेवटी वाचावी. आधी सम्राट कोण, धातू कोणता, मागचं चित्र कोणतं हे नक्की करा. एवढं ठरलं की तीस-चाळीस शक्यतांतल्या बहुतेक आपोआप गळतात, आणि उरलेल्या चार-पाचांत झिजलेलं अक्षरसुद्धा वाचता येतं.

पहिल्या दोन-अडीच शतकांत साम्राज्याच्या नाण्यांवर टांकसाळीचं नाव सहसा घालतच नसत. अपवाद आहेत, आणि मोठे सुंदर आहेत. व्हेस्पेशियनच्या काळात इफेसस इथे पाडलेल्या काही डिनेरियसांवर त्या शहराच्या नावाची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरलेली असतात. नीरोच्या लुग्डुनम, म्हणजे आजच्या लिओं, इथल्या तांब्या-पितळेच्या नाण्यांवर गळ्याच्या टोकाशी एक छोटा गोल असतो. पण हे अपवादच. तिसऱ्या शतकात चांदी घसरत गेली, नाण्यांची संख्या अफाट वाढली, आणि टांकसाळीतल्या कुठल्या कार्यशाळेनं कोणता माल काढला याचा हिशेब ठेवणं भाग पडलं. 248 साली रोमच्या सहस्राब्दीनिमित्त सम्राट फिलिपनं काढलेल्या नाण्यांवर कार्यशाळांचे क्रमांक उघडपणे दिसतात. पुढे 294 च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियननं लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत एकाच धाटणीचं मोठं तांब्याचं नाणं सुरू केलं. सगळीकडचं नाणं सारखंच दिसू लागल्यावर ते कुठलं हे सांगायला खूण हवीच होती. तुमच्या तक्त्यांतल्या बहुतेक खुणा या काळानंतरच्या आहेत. 294 च्या आधीच्या नाण्याला तो तक्ता लावला की गोंधळ ठरलेला.

या पद्धतशीर खुणेचे साधारण तीन भाग असतात. शहराच्या नावाची अक्षरं, कार्यशाळेचा क्रमांक, आणि त्या विशिष्ट खेपेची जादा निशाणी, म्हणजे टिंब, तारा, चंद्रकोर, हार किंवा ताडाची फांदी. कधीकधी आधी ‘एस-एम’ येतं, त्याचा अर्थ ‘साक्रा मोनेता’, सम्राटाची पवित्र टांकसाळ. पश्चिमेकडच्या टांकसाळी कार्यशाळेसाठी लॅटिन क्रमवाचकाचं पहिलं अक्षर वापरतात: प्रिमासाठी पी, सेकुंडासाठी एस, टेर्टियासाठी टी, क्वार्टासाठी क्यू. पूर्वेकडच्या टांकसाळी ग्रीक आकडे वापरतात: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा.

आता पहिलं नाणं. कडेचा मजकूर धाकट्या कॉन्स्टंटाइनचा, म्हणजे दुसऱ्या कॉन्स्टंटाइनचा तो युवराज असतानाचा आहे, आणि दोन ध्वजांचं हे चित्र 330 ते 335 या काळातलं. खाली ‘कॉन्स्ट’ दिसल्याबरोबर तुम्ही कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, धरलंत. नव्वद टक्के नवखे हेच करतात, आणि बरेच विक्रेतेही. पण सुरुवातीचा पी लॅटिन आहे, आणि कॉन्स्टँटिनोपल त्या काळात कार्यशाळेचा क्रमांक ग्रीक अक्षरात आणि शेवटी लिहीत असे: ‘कॉन्स’ आणि त्यापुढे अल्फा, बीटा, गॅमा. शेवटचा टी हाच क्रमांक नसेल का, असं कोणी विचारेल. ग्रीक आकड्यांत टाऊ म्हणजे तीनशे. तीनशेवी कार्यशाळा कुठेच नव्हती.

मग हे कुठलं? दक्षिण फ्रान्समधल्या आर्लचं. मॅक्सेन्शियसनं उघडलेली ओस्टियाची टांकसाळ 313 साली बंद झाली आणि तिथलं काम आर्लला हललं. तेव्हा तिची खूण होती ‘ए-आर-एल’. 328 च्या सुमारास शहराला कॉन्स्टंटिना हे नाव मिळालं, बहुतेक अभ्यासकांच्या मते याच दुसऱ्या कॉन्स्टंटाइनच्या मानार्थ. 340 साली तो भावाविरुद्धच्या मोहिमेत मारला गेला आणि नाण्यांवर पुन्हा ‘ए-आर-एल’ आलं. 353 मध्ये सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँशियसनं गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, परत मिळवल्यावर पुन्हा ‘कॉन्स्ट’. एकाच टांकसाळीची खूण चाळीस वर्षांत अशी पालटत गेली, म्हणून तारखेशिवाय खूण वाचू नये असं मी म्हणतो. ध्वजांमधला हार ही खेपेची निशाणी. आर्लनं या वर्षांत ताडाची फांदी, हार, ख्रिस्ताच्या नावाची गुंफलेली अक्षरं अशा निशाण्या एकामागून एक वापरल्या, त्यामुळे तुमचं नाणं त्या पाच वर्षांतल्या एका ठरावीक टप्प्यात बसवता येतं. ज्या युवराजाच्या नावानं शहराचं नाव पालटलं असं मानतात, त्याच युवराजाचं त्याच शहरातलं नाणं तुमच्या हातात आहे. बाजारात याची किंमत फार नसेल, पण मला असं नाणं पाहताना नेहमी आनंद होतो.

अशा जोड्या आणखी आहेत. ‘टी-आर’ म्हणजे चौथ्या शतकात ट्रेव्हेरी, आजचं जर्मनीतलं ट्रियर. पण किरणांचा मुकुट असलेल्या डायोक्लेशियनच्या नाण्यावर मधल्या मोकळ्या जागेत ‘टी-आर’ आणि खाली एक्स-एक्स-आय असेल, तर ते फिनिशियातलं ट्रिपोलिस, आजच्या लेबनॉनमधलं. ‘पी-टी’ आणि ‘एस-टी’ या खुणा पूर्वी काही जण स्पेनमधल्या ताराकोच्या मानत. आता त्या उत्तर इटलीतल्या टिकिनमच्या, म्हणजे पाव्हियाच्या, म्हणून मान्य आहेत. ट्रियरच्या तांब्याच्या नाण्यांवर ‘टी-आर-पी’ म्हणजे पहिली कार्यशाळा आणि ‘टी-आर-एस’ म्हणजे दुसरी. मग चांदीच्या नाण्यावर ‘टी-आर-पी-एस’ दिसलं की लोक चक्रावतात. तिथे पी-एस हा कार्यशाळांचा क्रमांक नसून शुद्ध केलेल्या चांदीची ग्वाही आहे. धातू आधी बघितला असता तर प्रश्नच पडला नसता.

आता दुसरं, प्रोबसचं नाणं. यावर शहराचं नाव नाही, म्हणून तक्ता चाळत बसण्यात अर्थ नाही. खालचं एक्स-एक्स-आय हा आकडा आहे. 274 साली ऑरेलियननं नाण्यांची सुधारणा केली तेव्हापासून तो येतो, आणि आज बहुतेक नाणकशास्त्रज्ञ त्याचा अर्थ वीस भाग तांबं, एक भाग चांदी असा लावतात. म्हणजे जेमतेम पाच टक्के चांदी. पूर्वेच्या काही टांकसाळी हाच आकडा ग्रीकमध्ये ‘कॅपा-अल्फा’ असा लिहितात: कॅपा म्हणजे वीस, अल्फा म्हणजे एक. तो ‘के’ पाहून कार्थेज किंवा सिझिकस ठरवलेली कितीतरी नाणी माझ्याकडे आली आहेत. कार्थेजची ही टांकसाळ तर प्रोबसनंतर चौदा-पंधरा वर्षांनी सुरू झाली!

मग मधले एप्सिलॉन आणि डेल्टा? एप्सिलॉन पाच, डेल्टा चार. बेरीज नऊ. ही सिरियातल्या प्राचीन अँटिओक शहराच्या टांकसाळीची नववी कार्यशाळा. ग्रीकमध्ये नऊसाठी थीटा हे साधं एक अक्षर असताना त्यांनी बेरीज का लिहिली? कारण थीटा हे ‘थानातोस’, म्हणजे मृत्यू, या शब्दाचं पहिलं अक्षर. मेलेल्या ग्लॅडिएटरांच्या आणि सैनिकांच्या नावांपुढे हेच अक्षर खूण म्हणून घालत. सम्राटाच्या नाण्यावर, सम्राटाच्याच आकृतीशेजारी ते कोरायला कोणी धजावलं नाही. त्याआधी काही वर्षं, सम्राट गॅलिएनसच्या शेवटच्या काळात, रोमच्या टांकसाळीनं हरिण, ग्रिफिन, समुद्रघोडा अशा प्राण्यांची मोठी मालिका काढली. तिच्यातही नवव्या कार्यशाळेसाठी थीटाऐवजी लॅटिन एन येतो, आणि पुढे दहा, अकरा, बारा रोमन आकड्यांत. ग्रीक आणि लॅटिन एकाच मालिकेत मिसळलेले पाहून लोक नाणं खोटं ठरवतात. ते खरंच असतं.

याच मालिकेतला एस हाही फसवा. तिथे तो लॅटिन ‘सेकुंडा’चा नाही. ग्रीक आकड्यांत सहासाठी स्टिग्मा नावाचं जुनं चिन्ह होतं, ते कोरताना एससारखंच दिसतं. चौथ्या शतकातल्या रोमच्या नाण्यावर एस म्हणजे दुसरी कार्यशाळा, अँटिओकच्या नाण्यावर तसाच दिसणारा एस म्हणजे सहावी. अँटिओकची मजल तर पुढे पंधरापर्यंत गेली. तिथे आयोटा म्हणजे दहा धरून अल्फा-आयोटा अकरा, डेल्टा-आयोटा चौदा असं वाचावं लागतं.

नाव नसताना अँटिओक कसं ठरलं, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. उत्तर आहे शैली आणि ठेवे, म्हणजे जमिनीत पुरून ठेवलेले नाण्यांचे साठे. चेहऱ्याची कोरणी, अक्षरांची घडण, सम्राट आणि ज्युपिटर यांची विशिष्ट मांडणी, आणि असली नाणी मोठ्या संख्येनं कुठल्या प्रदेशात जमिनीतून निघतात, हे सगळं जुळवून अभ्यासकांनी एकेक टांकसाळ वेगळी काढली. म्हणून फोटो पाठवताना फक्त खालच्या पट्टीचा मोठा फोटो पुरत नाही. चेहरा हवाच.

आता खुणेच्या जागी येणाऱ्या, पण खूण नसलेल्या अक्षरांबद्दल थोडं विस्तारानं सांगतो, कारण ‘दुर्मीळ टांकसाळ’ म्हणून सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सोन्याच्या सॉलिडसवर ‘कॉनोब’ असतं. पहिला तुकडा कॉन्स्टँटिनोपलचा. ‘ओबी’ म्हणजे ‘ओब्रिझियाकम’, आगीतून तावून काढलेलं सोनं. आणि ग्रीक आकड्यांत ओ सत्तर, बी दोन, म्हणून बहात्तर हाही अर्थ त्यात बसतो, कारण एका रोमन पौंडात बहात्तर सॉलिडस पाडत. पण हे अक्षरसमूह पुढे दर्जाची मोहोर बनले. पश्चिमेच्या टांकसाळींत त्याचं ‘कोमोब’ झालं, आणि खरी टांकसाळ तिथे चित्राच्या दोन बाजूंना दोन अक्षरांत असते: मेडिओलानमसाठी, म्हणजे मिलानसाठी, एम आणि डी, राव्हेनासाठी आर आणि व्ही. सोन्याच्या नाण्यावर खालचं वाचून थांबलात तर मिलानचं नाणं कॉन्स्टँटिनोपलच्या खात्यावर जमा होतं.

तसंच सम्राट लिसिनियसच्या शेवटच्या वर्षांतल्या तांब्याच्या नाण्यांवर बाजूला एक्स आणि त्याखाली दोन उभ्या रेघा व गॅमासारखी आकृती येते. ते मूल्य आहे, साडेबारा. अलेक्झांड्रियाच्या डायोक्लेशियनपूर्व नाण्यांवर एलसारखं चिन्ह आणि पुढे ग्रीक अक्षर असतं, ते सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष.

प्रोबसच्याच टिकिनमच्या नाण्यांवर तर वेगळीच गंमत आहे. सहा कार्यशाळांच्या नाण्यांवर मोकळ्या जागेत एकेक अक्षर घातलं आहे, आणि सहाही नाणी क्रमानं मांडली की ‘इक्विटी’ असा शब्द होतो. डायोक्लेशियन आणि त्याचा सहसम्राट मॅक्सिमियन यांच्या वेळी सिसियाच्या, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या सिसाकच्या, तीन कार्यशाळांनी डायोक्लेशियनच्या नाण्यांवर ज्युपिटरच्या नावाचे तीन तुकडे घातले आणि मॅक्सिमियनच्या नाण्यांवर हर्क्युलिसच्या नावाचे, तेही ग्रीक अक्षरांत. एकच नाणं हातात असेल तर त्यावरचे ‘बी-आय’ किंवा ‘के-ओ-वाय’ कुठल्याही शहराशी जुळणार नाहीत. भाऊबंद शेजारी ठेवले की अर्थ उघडतो.

आणि कॅरॉशियस. 286 च्या सुमारास बंड करून ब्रिटनवर सात वर्षं राज्य केलेल्या या सेनापतीच्या चांदीच्या नाण्यांवर खाली ‘आर-एस-आर’ असतं. या अक्षरांचं कुठलंही शहर सापडेना, म्हणून ती एखाद्या वित्ताधिकाऱ्याच्या पदाची आद्याक्षरं असावीत असं बराच काळ मानत. ब्रिटिश म्युझियममधल्या त्याच्या एका पदकावर तशाच जागी ‘आय-एन-पी-सी-डी-ए’ आहे. 1998 साली गी द ला बेदोयेर यांनी दाखवून दिलं की दोन्ही मिळून रोमन कवी व्हर्जिलच्या चौथ्या एक्लोगमधल्या, म्हणजे एका कवितेतल्या, लागोपाठच्या दोन ओळींची आद्याक्षरं आहेत: शनीचं सुवर्णयुग परत येत आहे, स्वर्गातून नवी पिढी उतरत आहे. बंडखोर सम्राटानं टांकसाळीच्या खुणेच्या जागी कविता कोरून घेतली होती, आणि ती पुन्हा वाचायला सतरा शतकं लागली. न जुळणारी खूण चूक म्हणून बाजूला टाकू नये, यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

झिजेबद्दल थोडक्यात. चौथ्या शतकात नाणं पाडायची कोरी चकती बरेचदा ठशापेक्षा लहान असते, त्यामुळे खालची अर्धी अक्षरं नाण्याबाहेरच पडतात. सगळ्यात त्रासदायक त्रिकूट मार्मारा समुद्राच्या परिसरातलं आहे: सिझिकससाठी एस-एम-के, हेराक्लियासाठी एस-एम-एच, निकोमीडियासाठी एस-एम-एन. तिसरं अक्षर झिजलं की तिन्ही सारखीच वाटतात, एन आणि एचच्या तर फक्त दोन उभ्या रेघा उरतात. अशा वेळी दिव्याचा प्रकाश अगदी आडवा, नाण्याच्या पातळीशी समांतर येऊ द्या आणि नाणं हळूहळू पूर्ण फिरवा. एनची तिरपी रेघ आणि एचची आडवी रेघ वेगवेगळ्या कोनात सावली टाकतात. पाणी, तेल, पितांबरी, ब्रश यांतलं काहीही लावू नका. वरचा हिरवा-तपकिरी थर गेला की अक्षराची कड त्याच्याबरोबर जाते.

अक्षरं स्पष्ट आहेत पण उलटी, अर्धवट किंवा निरर्थक असतील, तर ते त्याच काळातलं स्थानिक अनुकरण असण्याची शक्यता मोठी. 350 च्या दशकात घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाल्यानं भोसकणाऱ्या सैनिकाचं चित्र असलेली अशी नाणी गॉल आणि ब्रिटनमध्ये भरपूर बनली. बनवणाऱ्याला लॅटिन वाचता येत नव्हतं, तो फक्त आकार उतरवत होता. त्यात अज्ञात टांकसाळ शोधू नका. त्याचप्रमाणे आरआयसी (रोमन इम्पीरियल कॉइनेज) या रोमन नाण्यांच्या मोठ्या सूचीत एखाद्या चित्रासोबत तुमच्या कार्यशाळेचा क्रमांक नसेल, तर लगेच ‘अनोंद’ म्हणून जादा पैसे मोजू नका. 313 ते 337 या काळाचा खंड 1966 सालचा आहे, आणि त्यानंतर जमिनीतून आलेल्या नाण्यांनी अशा कितीतरी रिकाम्या जागा भरल्या आहेत.

आता टायबेरियसचं डिनेरियस, जे माझ्या मते तुमच्या तिघांत सगळ्यात मोलाचं ठरू शकतं. मागे सिंहासनावर बसलेली स्त्री, बाजूला ‘पोंतिफ माक्सिम’. हे लुग्डुनमला पाडलेलं नाणं, आणि यावर टांकसाळीचं नाव कधीच नसतं. ऑगस्टस आणि टायबेरियसची अशी डिनेरियसं दक्षिण भारतात ठेव्यांमधून फार मोठ्या प्रमाणात निघाली आहेत. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी रोमन नाण्याच्या छापावरून बनवलेल्या मातीच्या चकत्याही मिळाल्या आहेत, इतकं हे चित्र दख्खनमध्ये ओळखीचं झालं होतं.

तुमची चंद्रकोर नीट बघा. टांकसाळीची खूण ठशात कोरलेली असते, म्हणून ती नाण्यावर उठावात येते, चेहऱ्याच्या आणि अक्षरांच्या बरोबरीनं. तुमच्या फोटोत खूण खोल गेलेली दिसते आणि गालाचा उठाव कापते. म्हणजे नाणं पाडून झाल्यावर, कदाचित बऱ्याच वर्षांनी, कोणीतरी बारीक छिन्नीसारख्या पंचानं ती मारली. आणखी एक पडताळा घ्या: खुणेच्या अगदी मागच्या जागी, दुसऱ्या बाजूला, चित्र किंचित चेपलेलं असेल तर तो ठोकाच. तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या ठेव्यातल्या अनेक डिनेरियसांवर असे बारीक पंच आहेत. सोन्याच्या नाण्यांवर चेहऱ्यावरून मारलेली सरळ चीर दिसते. ही भारतात, व्यवहारात मारलेली निशाणी आहे. सराफानं पारखल्याची की मालकीची, यावर मतं वेगवेगळी आहेत, पण नाणं समुद्र ओलांडून इथे आलं आणि इथल्या कोणाच्या तरी हातून गेलं याचा तो पुरावा आहे. परदेशी विक्रेते याला ‘नुकसान’ लिहून किंमत कमी करतात. आपण तसं समजू नये.

एक सावधगिरी. टायबेरियसच्या या नाण्याच्या ओतीव नकला पुष्कळ फिरतात. कडेला जोडाची बारीक रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, आणि वजन तीन ग्रॅमच्या खूप खाली असेल तर थांबा. याउलट अक्षरं मोडकी पण नाणं ठोकून पाडलेलं असेल, तर ते भारतातच बनलेलं प्राचीन अनुकरण असू शकतं, आणि तेही अभ्यासाच्या दृष्टीनं मोठं आहे.

तुम्ही लिहिलंय की हे तिसरं नाणं आजोबांच्या पेटीत निघालं. घरात कोणाला ते कुठून आलं हे आठवत असेल तर आत्ताच लिहून ठेवा, गावाचं नाव आणि अंदाजे साल पुरे. ते जमिनीतून निघालं असं कळलं, किंवा तिथे आणखी नाणी असल्याचा सुगावा लागला, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे असं नाणं परस्पर परदेशी विकता येत नाही.

पुढच्या वेळी प्रत्येक नाण्याचं वजन दशांश ग्रॅमपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंचे आडव्या प्रकाशातले फोटो, आणि डिनेरियसच्या कडेचा एक फोटो पाठवा. चंद्रकोरीच्या मागच्या जागेचाही जवळून एक काढा. तो पाहिला की पंच आहे की नाही याबद्दल पक्कं सांगता येईल.